रिपोर्ट नॉर्मल, बोट वाकडं

माझ्या रक्ताचा पहिला रिपोर्ट आला त्या दिवशी घरात सगळे खूश झाले आणि मी बाथरूममध्ये जाऊन रडले. नळ सोडून रडावं, आवाज बाहेर जायला नको, असा विचार होता. पण नळच फिरवता येईना. मग तोंडात टॉवेल घालून रडले.

लॅबवाले हल्ली रिपोर्ट व्हॉट्सॲपवर पाठवतात. त्यात एक सोय असते. जो आकडा हद्दीच्या बाहेर जातो तो ठळक छापतात, म्हणजे आपल्यासारख्यांना डोकं चालवावं लागत नाही. संदीप, माझा नवरा, फोन डोळ्यांपाशी धरून खालपर्यंत गेला, परत वर आला, परत खाली गेला. "एकही बोल्ड नाही, वैशू! ईएसआर नॉर्मल, सीआरपी नॉर्मल, आरए फॅक्टर निगेटिव्ह, युरिक ॲसिडपण मस्त. झकास!" लगेच फॅमिली ग्रुपवर टाकलासुद्धा. बोरिवलीच्या दीरांनी दोन अंगठे पाठवले. नणंदेने फुलं पाठवली.

अंगात कुठे सूज धुमसत असली की ईएसआर आणि सीआरपी हे दोन आकडे चढतात, असं डॉक्टरांनी आम्हाला सांगितलं होतं. माझे चढले नव्हते, म्हणजे सूज नव्हती. माझं बोट समोर टम्म फुगलेलं दिसत होतं, पण ते कुणी फॅमिली ग्रुपवर टाकलं नाही.

संदीप साकीनाक्याला एका युनिटमध्ये क्वालिटीला आहे. दिवसभर सुट्या भागांना गेज लावून बघायचं, मापात बसलं की पास, नाही बसलं की रिजेक्ट. वाईट माणूस नाही हो तो. पण त्याच्या हिशेबाने मी पास झाले होते, आणि पास झालेला माल कण्हत नाही.

माझं बोट

मी कोण ते सांगते. दिंडोशीला आमच्याच वसाहतीत तळमजल्याला माझं पार्लर आहे. दोन खुर्च्या, फेशियलचा एक बेड, आरशाच्या वर गणपती. मी आणि मंगल मिळून चालवतो. मंगल माझी लग्नाआधीपासूनची मैत्रीण. वॅक्सिंग, केस कापणं, मेंदी हे तिच्याकडे. आयब्रो माझ्याकडे. दोऱ्याचं एक टोक दातांत धरायचं, बाकीचा दोरा दोन्ही हातांच्या बोटांवर घ्यायचा आणि मधे पीळ द्यायचा. उजवा अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट उघडलं की पीळ पुढे पळतो आणि केस मुळापासून निघतो. बघायला सोपं वाटतं. एकदा करून बघा.

मालाडहून बायका येतात माझ्याकडे आयब्रोसाठी. वाटेत शंभर पार्लरं सोडून येतात. माहेरचं नाव लग्नात गेलं, सासरचं लागलं. "वैशालीचा हात" हे नाव मात्र मी माझं मी कमावलंय. आणि दुखायला लागलं ते नेमकं उजव्या अंगठ्याशेजारचं बोट. नशीब बघा माझं.

आधी नखाजवळचा सांधा लाल झाला. वाटलं, दोरा कापला असेल. मग अख्खं बोट सुजलं, मुळापासून टोकापर्यंत, वेलची केळ्यासारखं. मग डाव्या हाताचं मधलं बोट. मग टाच. सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवला की आई गं! भिंतीला धरून बाथरूमपर्यंत जायचं. टूथपेस्टचं झाकण उघडत नाही, गॅसचं बटण दाबून फिरवता येत नाही, ब्राचा हुक लागत नाही. चाळिशी नुकती उलटलेली मी, आणि सासूला म्हणतेय, आई, जरा हुक लावता का? अकरा वाजेपर्यंत हात सुटे व्हायचे. म्हणजे संदीप कामाला निघून गेल्यावर. त्याने मला सकाळी बघितलं ते डब्याच्या घाईत, आणि रात्री बघितलं तेव्हा मी चालतीबोलती.

"सकाळी उठल्यावर मलापण आखडतं गं," तो म्हणायचा. "वय झालं आपलं."

मला तेव्हा लाटणं फेकून मारावंसं वाटायचं. पण लाटणं धरता यायला पाहिजे ना.

नटूनथटून डॉक्टरकडे

आम्ही हाडांच्या डॉक्टरांकडे जात होतो. माणूस हुशार होता, गर्दी होती, बाहेर बाकड्यावर तास तास बसायचं. आत गेलं की चार मिनिटं.

डॉक्टरकडे जायचं म्हणजे आमच्याकडे कुणी अवतारात जात नाही. आई लहानपणी म्हणायची, दवाखान्यात जाताना चांगला फ्रॉक घाल, लोक काय म्हणतील. त्यात मी पार्लरवाली. मी गबाळी दिसले तर माझ्याकडे कोण येईल? डॉक्टरांच्या रिसेप्शनवरची मुलगीसुद्धा माझी गिऱ्हाईक. म्हणून सकाळी सातलाच वेदनाशामक गोळी घ्यायची, ती चढली की केस धुऊन सेट करायचे, इस्त्रीचा कुर्ता, लिपस्टिक, आणि नखांना मरून जेल पॉलिश तर कायमचंच. मग आत जाऊन बसायचं. डॉक्टर विचारायचे, "काय, कसं आहे?"

"बरंय," मी म्हणायची.

सवय हो! कुणी कसं आहे विचारलं की बरंय म्हणायचं, हे रक्तातच आहे. जिन्यात शेजारीण भेटली तरी बरंय, स्मशानातून परत येताना कुणी भेटलं तरी बरंय. पुढचं बोलायला तोंड उघडते तोवर संदीपने फाईल टेबलावर ठेवलेली असायची. फाईल ज्याच्या हातात तो बोलणार, हे आमच्या घरात ठरलेलंच आहे. "डॉक्टर, रिपोर्ट सगळे नॉर्मल आहेत." डॉक्टर फाईल बघायचे. संदीप फाईल बघायचा. मीही शेवटी फाईलकडेच बघत बसायची. हात मांडीवर, पर्सच्या खाली.

एकदा त्यांनी बोट हातात घेतलं, वाकवून बघितलं. मी ओरडले. "तुमचं काम कसलं?" मी सांगितलं. त्यांचा चेहरा एकदम उजळला. "मग बरोबर! दोऱ्याचा ताण. रोज तीच हालचाल. काम कमी करा." आणि हसून म्हणाले, "बाकी तुम्ही तर छान दिसताय."

डावं बोट कशाने सुजलं, टाच कशाने दुखते, मी काय पायाने आयब्रो करते, हे सगळं मला जिना उतरताना सुचलं. तोवर पुढचा पेशंट आत गेला होता.

पुढच्या वेळी म्हणाले, दुखणं जास्त असेल त्या दिवशी रक्त द्या. दिलं. लॅबची मुलगी घरी आली तेव्हा मला दार उघडता येत नव्हतं, कडी सासूबाईंनी काढली. संध्याकाळी रिपोर्ट आला. सीआरपी नॉर्मल. एकही ठळक अक्षर नाही. संदीप म्हणाला, "वैशू, एक बोलू? रागावू नकोस. टेन्शनमुळे पण होतं असं. तू जास्त विचार करतेस."

मी रागावले. चांगलीच रागावले. दोन दिवस त्याच्याशी बोलले नाही. पण खरं सांगते, तिसऱ्या दिवशी मलाच वाटायला लागलं की मी नाटक करतेय का. आरशासमोर उभं राहून बोट बघायची आणि स्वतःला विचारायची, खरंच दुखतंय की वाटतंय? माणसाला वेडं करायचं असेल तर त्याला दुखू द्या आणि वर नॉर्मल रिपोर्ट द्या. दुसरं काही करायला नको.

गाऱ्हाणं

सासूबाई मूळच्या कुडाळकडच्या. सासरे गिरणीत होते, आता नाहीत. सासूबाईंची जीभ धारदार. सुरुवातीला त्यांनीही मला सोडलं नाही. "रिपोर्टात काय गावला नाय, मगे दुखता कित्याक?" असं विचारायच्या. मला ते टोमणे वाटायचे. पण कडी काढली त्या दिवसापासून त्या प्रश्न विचारेनाशा झाल्या.

एका सकाळी बघते तर स्वयंपाकघरात फोन स्पीकरवर. गावच्या देवळात त्यांचा पुतण्या उभा आणि गावकार गाऱ्हाणं घालायला तयार. आमच्याकडे काही अडलं की देवाला गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने देवाला सांगतो आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणतात. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि मला म्हणाल्या, "हात जोड." मी म्हटलं, जुळत नाहीत. "मगे तशीच उभी ऱ्हव."

फोनमधून आवाज आला. "बा देवा म्हाराजा! दिंडोशीच्या ह्या लेकराच्या बोटाक काय झाला हा, ता कोणाक कळणा नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" तिकडून पाच-सहा आवाज, इकडून सासूबाई.

"रगत काढला, तपासला, रिपोर्टात कायेक गावला नाय म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"तर जा काय आसात ता रिपोर्टात गावांदे रे म्हाराजा, आणि सुनेक बरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

मला हसू फुटलं. देवाकडे कुणी आजार मागतं का? पण मी गेले कित्येक आठवडे मनात हेच मागत होते. सीआरपी वाढू दे, काहीतरी निघू दे, कसलंही निघू दे, पण निघू दे. लाज वाटायची म्हणून कुणाला सांगितलं नव्हतं. ह्या बाईने न सांगता ओळखलं आणि अख्ख्या गावाला ओरडायला लावलं. मी त्यांच्या गळ्यात पडले. "चल, सर, भाजी करपता," असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं.

नेलपॉलिश काढा

बोट आता वाकलं की अडकायचं, उघडताना दुसऱ्या हाताने उचलावं लागायचं. हाडांचे डॉक्टर म्हणाले, छोटं ऑपरेशन करू, अडकलेली नस मोकळी करू, सकाळी या, संध्याकाळी घरी. मला बरं वाटलं. निदान कुणीतरी काहीतरी करणार होतं.

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर बांगड्या काढल्या, मंगळसूत्र संदीपकडे दिलं, लिपस्टिक पुसली, हिरवा झगा आणि डोक्याला टोपी घातली. सिस्टर बोटाला ऑक्सिजन बघायचा चिमटा लावायला आली आणि थांबली.

"हे काय? नेलपॉलिश काढून या म्हणून सांगितलं होतं ना?"

सांगितलं होतं. मी मुद्दाम काढलं नव्हतं. कारण मला माहीत होतं खाली काय आहे. नखांची पार वाट लागली होती. बारीक बारीक खड्डे, सुईने टोचल्यासारखे, आणि दोन नखं टोकाकडून सुटून पिवळी पडलेली. मला वाटायचं ॲसिटोनने झालं, ब्लीचने झालं, धंदाच तसा. पार्लरवालीची नखं अशी दिसली तर तोंड कुठे लपवू? म्हणून एक पॉलिश निघायच्या आत दुसरं.

"हे जेल आहे, सिस्टर. साध्या रिमूव्हरने निघत नाही."

"मग ज्याने निघतं ते आणा. डॉक्टर ओरडतात आम्हाला. दहाच्या दहा बोटं साफ पाहिजेत. लग्नाला आलात का इथे?"

मग काय, मंगलला फोन. ती पार्लर बंद करून रिक्षाने आली, ॲसिटोनची बाटली, कापूस, चांदीचा कागद, सगळा संसार घेऊन. वॉर्डात माझ्या खाटेवर बसून तिने माझ्या दहाही बोटांना ॲसिटोनचा कापूस लावून वर कागद गुंडाळला. शेजारच्या खाटेवरची आजी उठून बसली. "अगो, ह्या हॉस्पिटलात असलं पण करतात? आमचं पण करा की!" मंगल म्हणाली, "आजी, पुढचा नंबर तुमचाच." सगळा वॉर्ड हसला. मी नाही हसले. कागद निघाले की काय होणार ते मला माहीत होतं.

मंगलने कागद काढले आणि माझे हात ओढून जवळ घेतले. इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीपाशी उभी आहे ती, तिनेही ही नखं उघडी बघितली नव्हती. "वैशे, हे काय करून ठेवलंस गं?" एवढंच बोलली.

थोड्या वेळाने भूल देणारे डॉक्टर आले. तरुणच होते, कंटाळलेले, हातात कागद. दम लागतो का, ॲलर्जी आहे का, दात हलतो का, असं वाचल्यासारखं विचारत होते. चिमटा लावायला माझं बोट उचललं आणि वाचायचे थांबले. दुसरा हात उचलला. मग दोन्ही हात खिडकीकडे नेऊन बघितले.

"ही नखं कधीपासून अशी आहेत?"

"दोन-तीन वर्षं. केमिकलमुळे."

"डोक्यात कोंडा होतो?"

"होतो ना. सीझनल." माझ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच सांगते.

त्यांनी विचारून माझी टोपी मागे सरकवली आणि कानामागचे केस बाजूला केले. तिथे जाड, पांढुरकी चकती होती. लिंबू लावलं, तेल लावलं, रंगाखाली दाबून टाकली होती. "घरात कुणाला सोरायसिस?" मी म्हटलं, नाही, बाबांच्या कोपरांवर तसल्या चकत्या होत्या, पण ती ॲलर्जी होती. ते तडक बाहेर गेले. दाराबाहेर हाडांच्या डॉक्टरांचा आवाज ऐकू आला, "अरे पण ब्लड्स नॉर्मल आहेत तिचे." आणि भूलवाल्या डॉक्टरांचा, "सर, एकदा नखं बघा."

ऑपरेशन रद्द झालं. उपाशीपोटी बसवून ठेवलेली मी, मला सिस्टरने चहा-बिस्किट दिलं. बिस्किट हातातून निसटून चहात पडलं. तिने दुसरं माझ्या तोंडाजवळ धरलं. मघाशी लग्नाला आलात का म्हणणारी हीच ती.

निघालं एकदाचं

सांध्यांच्या आजाराच्या डॉक्टर अंधेरीला बसतात. बाई माणूस, माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या. मी फाईल पुढे केली, तर म्हणाल्या, "ती राहू दे. हात दाखवा."

नखं, टाळू, टाचा, कंबर, एकेक सांधा दाबून बघितला. मी गोळी न घेता गेले होते, मंगलने शपथ घातली होती. मी तिथे ओरडले, रडले, शेवटी संदीपला म्हटलं तू बाहेर जा. त्या म्हणाल्या, सोरायसिस सांध्यांत उतरलाय. त्वचेचा आजार काही जणांना सांध्यांत होतो. संसर्गाचा नाही, कुणाला लागत नाही.

"पण रक्तात काहीच नाही ना?" मी विचारलं. आता मीच संदीपसारखी बोलायला लागले होते.

"ह्या आजारात बऱ्याच जणांच्या रक्तात काही दिसत नाही. दिसलं तर आमचं काम सोपं होतं. नाही दिसलं तर हात बघावे लागतात."

घरी आल्यावर सासूबाईंनी देवाजवळ दिवा लावला. "गावला एकदाचा!" गावाला फोन, नणंदेला फोन. दीरांनी ग्रुपवर हात जोडले. जणू पोरीचं लग्न ठरलं. मीही हसत होते, खोटं का सांगू? आयुष्यभराचा आजार पदरात पडला होता आणि मला हलकं वाटत होतं. मग संदीप शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "म्हणजे तुला खरंच दुखत होतं."

खरंच! त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. "मग काय मी खोटं दुखवत होते? सकाळी भिंतीला धरून चालत होते ती काय प्रॅक्टिस करत होते?" तो गडबडला. "तसं नाही गं, रिपोर्टमध्ये नव्हतं म्हणून..." मी पोळ्यांचं पीठ तसंच सोडून पार्लरमध्ये जाऊन बसले. रागाने की सुटकेने, माहीत नाही, पण तिथे तासभर रडत होते.

तुमच्या घरी कुणाचं असं चाललं असेल तर हे वाचा. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पेढे वाटायच्या आधी त्या माणसाला विचारा, तुला कसं वाटतंय. आणि तुम्हीच ते माणूस असाल तर डॉक्टरकडे नटून जाऊ नका. मी सौंदर्याचा धंदा करते आणि तरी सांगते, अवतारात जा.

पहिलं ठळक अक्षर

औषध सुरू झालं. एक गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची, रोज नाही. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतेल, असं डॉक्टरांनी परत परत बजावलं. त्यामुळे पाकीट सासूबाईंनी स्वतःच्या कपाटात ठेवलं. मंगळवारी पार्लर बंद असतं, म्हणून सोमवारी रात्री गोळी. मंगळवारभर उलटी आल्यासारखं व्हायचं, तोंडाला चव नाही, डोकं जड. बुधवारी परत उभी.

गोळी काम करायला वेळ लागतो. त्या दिवसांत मी सगळ्यांवर खेकसायची. पार्लरच्या एका जुन्या गिऱ्हाइकाने माझी टाळू बघून विचारलं, "हे लागत नाही ना?" आणि परत आली नाही. मंगल म्हणाली, "जाऊ दे, असली गिऱ्हाइकं गेलेली बरी." बरी कसली? पंधरा वर्षं येत होती ती माझ्याकडे, तिच्या लग्नाच्या आयब्रो मी केल्या होत्या. मला वाईट वाटलं आणि अजून वाटतं.

मग हळूहळू सकाळ बदलली. आधी टाच सुटली. मग डावं बोट बारीक झालं. एक दिवस टूथपेस्टचं झाकण उघडलं आणि मी वेड्यासारखं ते परत लावलं, परत उघडलं. आणि त्याच आठवड्यात रिपोर्ट आला. गोळीमुळे लिव्हरवर नजर ठेवायला रक्त तपासावं लागतं. त्यात एक आकडा ठळक छापलेला.

झालं! घरात हाहाकार. दीड वर्ष मी जिवंत असून नसल्यासारखी, तेव्हा सगळे आकडे स्वच्छ, आणि आता मी घरभर चालतेय तर हे. संदीप म्हणाला, "गोळी बंद. आजपासून बंद. बोल्ड आलंय!" दीरांचा फोन, "वहिनी, आयुर्वेदिक करा." मी गॅसचं बटण स्वतः फिरवून दाखवलं, "हे बघ, हे बघ ना!" त्याने बघितलंच नाही. तो फोनमधला आकडा मोठा करून बघत होता.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी डोस थोडा कमी केला, पुढच्या वेळी आकडा खाली आला. गोष्ट एवढीच होती. पण मनातून धसका जाईना, की हा माणूस त्या कागदाच्या भीतीने माझी गोळी बंद करेल आणि मी परत भिंत धरेन. पाकीट सासूबाईंच्या कपाटात होतं म्हणून मला झोप लागायची. "किल्ली माझ्याकडे असा," त्या म्हणायच्या.

एक्स-रे

सगळी बोटं सुटली. उजवं, अंगठ्याशेजारचं, ते नाही. सूज उतरली, पण टोकाचा सांधा वाकलेला तो वाकलेलाच. मी मंगलच्या भुवयांवर रोज प्रयत्न करायची. दोरा दातांत धरला, पीळ दिला, बोट उघडायला गेले की दोरा सैल पडायचा आणि पीळ तिथेच. मंगल डोळे मिटून बसायची आणि म्हणायची, "उद्या जमेल." उद्या जमायचं नाही. मला वाटायचं, गोळी अजून पोचली नसेल तिथपर्यंत.

परवा डॉक्टरांनी हाताचा एक्स-रे काढला. भिंतीवरच्या दिव्यावर लावला. तेवढ्या एका सांध्याची हाडं कुरतडल्यासारखी दिसत होती. मी विचारलं, अजून किती दिवस लागतील. त्या म्हणाल्या, "बाकीची बोटं वाचली. हे आता असंच राहील, वैशालीताई. ह्याने थ्रेडिंग नाही होणार."

संदीप म्हणाला, "दुसरा काही उपाय, डॉक्टर?" त्यांनी नाही म्हणून मान हलवली.

मी विचारलं, "आधी कळलं असतं तर? सुरुवातीलाच, पहिल्या रिपोर्टच्या वेळी?"

मला वाटलं, त्या म्हणतील, आता त्याचा विचार करू नका. सगळे तेच म्हणतात. जाऊ दे, झालं ते झालं, देवाची इच्छा. त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "हो. तर बहुतेक वाचलं असतं."

त्यांचे उपकार मी विसरणार नाही. खरं बोलल्या.

रिक्षा मिळाली. संदीप फाईल मांडीवर घेऊन बसला होता. मग तो नेहमीच्या समजुतीच्या आवाजात म्हणाला, "वैशू, नऊ वाचली ना. लोकांचे अख्खे हात जातात."

"मला नऊ नको होती!" मी अशी ओरडले की रिक्षावाल्याने आरशात बघितलं. "मला हे एक पाहिजे होतं. हे एक! ह्या बोटाने मी कमावलं रे सगळं. तुमच्या त्या कागदात दिसलं नाही म्हणून गेलं ते. समजतंय तुला?"

सिग्नलला रिक्षा थांबली, बाजूच्या बसचा धूर आत आला. मी ओढणीत तोंड खुपसून रडत होते. त्याने फाईल उचलून मागे, सीटच्या पाठीवरच्या फळीवर टाकली. माझा उजवा हात स्वतःच्या हातात घेतला, तळहातावर ठेवला आणि ते वाकडं बोट बघत राहिला. धरलं नाही. नुसतं बघत राहिला.

"आत्ता दुखतंय?" त्याने विचारलं.

हा प्रश्न त्याने मला कधी विचारलाच नव्हता. रिपोर्ट आला का विचारलं होतं, गोळी घेतली का विचारलं होतं, डॉक्टर काय म्हणाले विचारलं होतं. राग माझा गेला नव्हता, आजही गेलेला नाही. पण विचारलं होतं, तर सांगितलं.

"हो," मी म्हणाले. "खूप दुखतंय."